साखरखेर्ड्याचा बहुमान

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पाडाव करून दक्षिणेत आपले आसन स्थिर केले. त्या युद्धात निजामाच्या बाजूने लढलेल्या २४ वर्षांच्या बाजीराव पेशव्यास शौर्याबद्दल सातहजारी मनसब, पोशाख, हत्ती व रत्न मिळाले. बाजीरावाने बहुमान स्वीकारला. निष्ठा मात्र छत्रपती शाहूंच्याच चरणी ठेविली. पुढे निजामाने मराठ्यांच्या चौथाईस हरकत घेताच, १७२८ मध्ये पालखेड येथे त्यास कोंडून मुंगी-शेवगावचा तह करावयास लाविले. १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीस या सेनानीचा अंत झाला. बहुमानाने शौर्याचा गौरव होतो, इमान विकत घेता येत नाही, हा या चरित्राचा बोध आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.