सरफोजी राजे आणि बोलकी जनावरे

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. तेथे सरफोजी राजांनी १८०२ साली मुक्तांबाळ या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ छत्र उभारले. वाटसरूंना अन्न आणि मुलांना विद्या, असा त्याचा दुहेरी धर्म होता.

स्वतः राजांचे बालपण मात्र अंधारात गेले. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले, जर्मन मिशनरी रेव्ह. श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविले आणि लवकरच ते निवर्तले. गादी अमरसिंगाने घेतली. मुलाला उजेडही न येणाऱ्या खोलीत कोंडून विद्येला पारखे केले. श्वार्ट्झ यांनी त्यासाठी केलेली खटपट थोडी नव्हे. अखेर १७९३ मध्ये तो मद्रासेस सुखरूप पोहोचला व रेव्ह. गेरिके यांच्यापाशी शिकू लागला. १७९८ मध्ये त्याला गादी मिळाली, पण पुढल्याच वर्षी राज्यकारभार कंपनीकडे गेला. उरली ती सवड, आणि ती राजांनी पुस्तकांना वाहिली.

१८०५ साली त्यांनी देवनागरी छापखाना काढला. त्याच वर्षी तिकडे श्रीरामपुरास केरीसाहेब मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापीत होते. १८०६ मध्ये सक्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तंजावरास निघाल्या. परक्या भाषेतल्या कोल्ह्याच्या तोंडी आपली भाषा घालणे किती अवघड, हे भाषांतर करणाऱ्यालाच ठाऊक!

राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात फ्रेंच चित्रकार शार्ल ले ब्रँ याची नवलाची चित्रे आहेत. त्यांत माणसाचे मुख घुबडाशी, बैलाशी ताडून पाहिले आहे. इसाप जनावरात माणूस दाखवितो, हा माणसात जनावर! राजांनीही आपल्या चितार्‍यांकडून पशुपक्ष्यांची आणि नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढविली. चित्र पाहून शिकावे आणि पाहिलेले चित्रात उतरवावे, हा त्यांच्या विद्येचा मार्गच होता असे मला वाटते.

१८३२ मध्ये मरेपर्यंत सरफोजी हिंदुधर्मातच राहिले. गुरूचे स्मारक मात्र त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरात घडवून घेतले. तंजावरच्या चर्चमधील त्या शिल्पात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत, आणि शेजारी उभ्या राजाने त्यांचा हात आपल्या हाती धरला आहे.