थेंबाचा मुकुट

वाशिमला बदली होऊन आलो तेव्हा पावसाळा होता. वाशिम अजून अकोला जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला १९९८ साली. बँकेतून सुटल्यावर मी पद्मतीर्थाच्या काठावर छत्री धरून उभा राही. थेंब पडला की पाण्यावर क्षणभर काहीतरी उमले आणि मिटे. काय उमलले ते कधीच दिसत नसे.

हेच पाहण्यासाठी एका माणसाने उभी हयात घालवली हे पुढे वाचनात आले. आर्थर मेसन वर्दिंग्टन, जन्म १८५२, मँचेस्टरचा. ऑक्सफर्डला शिकला, बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेत राहिला, मग ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनला शाळामास्तर झाला आणि पुढे डेव्हनपोर्टच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात मुख्याध्यापक. काजळी धरलेल्या काचेवर थेंबांचे ठसे कसे उमटतात, याकडे रग्बीच्या शाळकरी मुलांमुळे त्याचे लक्ष गेले होते, तेव्हा तो विशीत होता.

त्याची युक्ती पाहा. काळोखी खोली. घड्याळाच्या काचेएवढ्या वाटीला काजळी धरलेली, म्हणजे थेंब तिला चिकटत नाही. विद्युतचुंबकाचा प्रवाह तोडला की वाटी झटक्यात बाजूला होई आणि थेंब सुटे. त्याच क्षणी शेजारून एक हस्तिदंती गोळीही सुटे. गोळी खाली आदळली की विजेची ठिणगी पडे, सेकंदाचे काही दशलक्षांश भाग टिकणारी. तेवढ्या उजेडात दिसले ते दिसले! गोळीची उंची किंचित वाढवली की ठिणगी किंचित उशिरा पडे आणि पुढची अवस्था दिसे. चित्रमालिकेतले प्रत्येक चित्र वेगळ्या थेंबाचे, म्हणून सगळे थेंब सारख्याच आकाराचे आणि सारख्याच उंचीवरून पडायला हवेत. सगळी मेहनत त्यासाठीच.

पाण्यात दुधाचा थेंब टाकून त्याने खड्डा पाहिला, कडेचा मुकुट पाहिला, मग मधोमध उसळणारा खांब पाहिला. खांबाच्या टोकाशी मूळचे दूधच परत वर आलेले असे. त्या खांबाला आज शास्त्रज्ञ त्याचेच नाव देतात. डोळ्यांत उरलेली प्रतिमा तो लगेच कागदावर काढी. वीसेक वर्षांची चित्रे सुबक, मुकुटाची टोके मोजून ठेवल्यासारखी.

१८९४ साली सहकारी कोल याच्या मदतीने छायाचित्रे निघू लागली. मुकुट वाकडे! एक टोक लांब, एक तुटके, एक नाहीच. वर्दिंग्टनने जुनी टिपणे काढून पाहिली, तर वाकडे थेंब तेव्हाही नोंदलेले होते. हा थेंब बिघडला असे समजून त्यानेच ते बाजूला ठेवले होते. मनात एक आदर्श थेंब बसला होता आणि डोळे त्याच्या चाकरीला लागले होते.

हे वाचून मला माझी एक सहामाही आठवली. लेजरच्या बेरजेत थोडका फरक, रात्रीचे अकरा वाजलेले. एका आकड्यावर पेन्सिल फिरवून मी बॅलन्स जुळवला आणि घरी गेलो. चूक भलत्याच खात्यात निघाली, तीही महिन्याने. सही माझी होती. मी तेव्हा साहेबांना सांगितले ते अर्धेच.

वर्दिंग्टनने पूर्ण सांगितले, तेही न विचारता, १८९५ च्या पुस्तकात, स्वतःच्या वीस वर्षांच्या कामाविरुद्ध. रॉयल सोसायटीचा फेलो होऊन दोनच वर्षे झाली होती. गप्प बसला असता तर कोणाला कळणार होते?

नंतर तो घन गोळे पाण्यात टाकू लागला. स्वच्छ, गुळगुळीत गोळा पाणी फारसे न उडवता आत शिरे. तोच खडबडीत किंवा ओलसर असला की मोठा उसळा येई. पुढचे पुस्तक १९०८ साली आले, त्यात छायाचित्रे भरपूर. मग ग्रीनिचच्या नौदल महाविद्यालयात थोडी वर्षे शिकवून तो निवृत्त झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, ऑक्सफर्डला वारला.