कल्याणच्या शाळेतले रेव्हरंड टिळक आणि न फिटलेलं ऋण

ना. वा. टिळक म्हटलं की अहमदनगर आठवतं. पण या कवीचं प्राथमिक शिक्षण आपल्या कल्याणात झालं, हे फार जणांना ठाऊक नाही. तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर ही कल्याण तालुक्यातली खेडी होती. उल्हासनगर तर अजून वसायचंच होतं.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई जानकीबाईंना कवितेची गोडी होती, तीच मुलाकडे आली. कल्याणनंतर नाशिकला शिक्षण झालं. १८८० साली लक्ष्मीबाईंशी लग्न झालं.

१८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. पुढे त्या माणसाची कधी भेट झाली नाही. ज्याने आयुष्य बदललं, त्याचे आभार मानायचे कुठे? टिळकांचं पुढचं जगणं पाहिलं की उत्तर मिळतं. जे मिळालं, ते दुसऱ्याला देत राहायचं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. नातलग तुटले, लक्ष्मीबाई दुरावल्या. त्यांनी काही काळ पंढरपुरात काढला. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

नवा धर्म घेतला म्हणून टिळकांनी जुनं ऋण नाकारलं नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण येशूपर्यंत पोचलो, असं ते उघड मानत. म्हणून त्यांनी अभंग आणि ओवीच्या चालीवर ख्रिस्ती भजनं रचली. मराठी मंडळ्यांत देवाचे आभार आजही त्यांच्या भजनांतून मानले जातात.

पण त्यांचं आभार मानणं गाण्यावर थांबलं नाही. घरात अनाथ मुलं वाढली. तरुण बालकवी ठोमरेंनाही याच घरात आसरा मिळाला. हातात पैसा आला की तो गरजवंताकडे जायचा. त्याचा ताण सोसला तो संसार चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंनी. देणाऱ्याचं कौतुक करताना ही बाजू विसरू नये. १९१७ साली तर टिळकांनी मिशनचा पगारही सोडला.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अर्धवटच होतं. फारसं शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं आणि ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली.

जेवणाआधी दोन शब्द आभाराचे म्हणणं सोपं आहे. त्याच ताटातला घास दुसऱ्यासाठी काढणं, आणि ज्याच्या कष्टावर आपलं दातृत्व उभं आहे त्या घरच्या माणसालाही न विसरणं, हे अवघड. टिळकांच्या घराकडून शिकायचं ते एवढंच.