ज्यांस कोणी घेईना त्यांची आई : पर्ल बकबाई

आपल्या खेड्यापाड्यांत दत्तकाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न रक्ताचा येतो. मूल कोणत्या कुळातले, भावकीतले की बाहेरचे, रंगरूपाने आपल्यात खपेल की नाही, ह्याची चौकशी आधी होते. त्या मुलाला आईबाप हवे आहेत, ही गोष्ट सर्वांत शेवटी ध्यानात येते. हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशातही दत्तक देणाऱ्या संस्था मुलाचा वर्ण, वंश व धर्म घेणाऱ्या आईबापांशी जुळतो की नाही हे पाहूनच मूल देत असत. आणि जे मूल कोणाशीच जुळत नसे, ते तसेच अनाथालयात पडून राही. ही रीत मोडण्यास ज्यांनी आपले घर पणास लावले, त्या पर्ल बकबाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे. त्या मोठ्या ग्रंथकर्त्या होत्या हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या आई कशा झाल्या, हे थोड्यांसच माहीत असेल.

पर्ल सायडनस्ट्रिकर यांचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया प्रांतात हिल्सबरो ह्या गावी झाला. त्यांचे आईबाप चीन देशात काम करणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी होते. ते रजेवर मायदेशी आले असता ही मुलगी झाली, आणि ती काही महिन्यांची असतानाच तिला घेऊन ते चीनला परतले. यांगत्से नदीच्या काठी चिंकियांग नावाच्या शहरात तिचे बाळपण गेले. इंग्रजीबरोबरच चिनी भाषाही ती मातृभाषेसारखी बोलू लागली. ह्या मिशनरी दांपत्यास सात मुले झाली, परंतु त्यांतील चार लहानपणीच दगावली. पोर गमावल्याचे दुःख म्हणजे काय, हे पर्लने आईच्या मुखावर नित्य पाहिले.

घराबाहेर तिने जे पाहिले ते ह्याहूनही दारुण होते. दारिद्र्याने गांजलेली काही कुटुंबे नको असलेल्या नवजात मुली त्या काळी टेकडीवर टाकून देत. गवतात खेळताना पर्लला त्या अर्भकांची हाडे सापडत. ती लहानगी ती हाडे गोळा करी व माती उकरून नीट पुरीत असे. नको असलेले मूल म्हणजे काय, हा धडा तिला कोणत्याही शाळेत जाण्यापूर्वीच मिळाला होता.

अमेरिकेत कॉलेजचे शिक्षण १९१४ साली पुरे करून पर्लबाई आजारी आईच्या सेवेसाठी चीनला परत आल्या. सन १९१७ मध्ये जॉन लॉसिंग बक ह्या शेतकीच्या जाणकार मिशनऱ्याशी त्यांचा विवाह झाला, आणि उत्तरेकडील एका गरीब मुलखात त्यांनी संसार मांडला. तेथील शेतकऱ्यांचे कष्ट, दुष्काळ व मातीवरचे प्रेम त्यांनी जवळून पाहिले. पुढे हे जोडपे नानकिंग येथे राहावयास गेले.

सन १९२० च्या मार्च महिन्यात त्यांस मुलगी झाली. तिचे नाव कॅरल. बाळ देखणे व गोरेगोमटे होते, पण बाळंतपणानंतर बाईंच्या गर्भाशयात गाठ असल्याचे कळले व शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांस पुन्हा मूल होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. हे दुःख थोडे होते म्हणून की काय, कॅरल तीन वर्षांची होत आली तरी बोलेना. शेजारच्या बायका धीर देत की काही मुले उशिरा बोलतात. आईचे मन मात्र खाऊ लागले. त्यांनी मुलीला घेऊन अमेरिकेतील मोठमोठ्या वैद्यांचे उंबरे झिजविले. बहुतेकांनी गोड शब्दांनी वेळ मारून नेली. शेवटी एका डॉक्टराने निर्भीडपणे सांगितले की ही मुलगी मनाने कधीही मोठी होणार नाही, व खोट्या आशेवर जन्म घालवू नये. ते शब्द कठोर होते, तरी सत्य सांगितल्याबद्दल पर्लबाई जन्मभर त्या माणसाच्या ऋणी राहिल्या.

कॅरलला जो विकार होता त्याचा शोध नॉर्वे देशातील डॉक्टर फॉलिंग यांनी १९३४ साली लावला. ह्या विकारात अन्नातील प्रथिनांचा एक अंश शरीरात पचत नाही व त्याचा साठा होऊन मेंदूस इजा पोहोचते. आज कित्येक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याची परीक्षा करतात, व योग्य आहार देऊन मूल वाचवितात. कॅरलच्या जन्मवेळी ही विद्या कोणाजवळच नव्हती. तेव्हा त्यात आईचा काही दोष नव्हता. तरीही असे मूल झाले म्हणजे आईच्या मनास जी टोचणी लागते, तिच्यातून पर्लबाई सुटल्या नाहीत. कित्येक वर्षे त्यांनी ह्या मुलीविषयी बाहेर एक अक्षर काढले नाही.

ह्याच काळात त्यांनी पहिल्यांदा परक्याचे मूल मांडीवर घेतले. सन १९२५ मध्ये त्या अमेरिकेत असताना न्यूयॉर्क प्रांतातील एका अनाथालयातून त्यांनी सुमारे तीन महिन्यांची एक मुलगी आणली. तिचे नाव जॅनिस. घ्यावयास जाणारे लोक बहुधा गुटगुटीत मूल पाहून घेतात. बाईंनी मात्र बारीक व अशक्त असे मूल निवडले, आणि तेच त्यांच्या घरी वाढीस लागले. दुःखाने रिते झालेले घर पुन्हा बाळाच्या रडण्याने भरले. परंतु कॅरलची जागा जॅनिसने घेतली असे कोणी समजू नये. आईच्या मनात एकाची जागा दुसऱ्यास देता येत नाही. तेथे दुसरी जागा करावी लागते, व ती होते.

सन १९२७ मध्ये नानकिंग शहरात लढाई पेटली व परदेशी लोकांवर हल्ले झाले. त्या दिवशी एका गरीब चिनी बाईने आपल्या झोपडीत ह्या कुटुंबास लपविले, म्हणून त्यांचे प्राण वाचले. पुढे १९२९ साली बाईंनी काळजावर दगड ठेवून कॅरलला अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील व्हाइनलँड येथील मंदबुद्धी मुलांच्या शाळेत ठेवले. तिच्या आजन्म निर्वाहाची तजवीज करण्यासाठी पैका हवा होता, आणि मिशनच्या तनख्यात ते शक्य नव्हते. म्हणून त्या जोमाने लिहू लागल्या. सन १९३१ मध्ये चिनी शेतकऱ्याच्या जीवनावरील गुड अर्थ ही त्यांची कादंबरी निघाली. तीत एक मनाने न वाढलेली मुलगी आहे, व बाप तिला कधी टाकीत नाही. ती मुलगी कोठून आली हे आता आपणांस कळतेच. ह्या पुस्तकास १९३२ साली पुलिट्झर पारितोषिक मिळाले, व १९३८ मध्ये त्यांस साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकन स्त्रीला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

बाईंच्या सर्वच गोष्टी आपण कित्ता म्हणून घ्याव्यात असे नाही. मिशनच्या कामाविषयी त्यांनी १९३२ साली जाहीरपणे कडक टीका केली, तिच्यावरून मोठा वाद माजला, व पुढच्या वर्षी त्यांनी मिशनचा राजीनामा दिला. सन १९३५ मध्ये पहिल्या पतीशी घटस्फोट होऊन त्यांनी रिचर्ड वॉल्श नावाच्या प्रकाशकाशी लग्न केले. हे सांगून आपण पुढे जाऊ, कारण त्यांच्या आयुष्यातील मोठे काम ह्यानंतर घडले.

नव्या पतीसह त्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात शेतावरील एका जुन्या दगडी घरात राहू लागल्या. तेथे त्यांनी आणखी चार लहान बाळे दत्तक घेतली, व ते घर लेकरांनी गजबजून गेले. ही मुले वाढत असताना, १९४८ सालच्या नाताळाच्या सुमारास, एका दत्तक-संस्थेकडून त्यांस एका सव्वा वर्षाच्या मुलाविषयी पत्र आले. ह्या बाळाचा बाप हिंदुस्थानचा तरुण होता, व आई एका अमेरिकन मिशनऱ्याची मुलगी. मूल सुदृढ व हुशार होते. पण त्याचा वर्ण सावळा, म्हणून त्यास कोणी घेईना. आणि दोन्हीकडच्या घरांत त्याला जागा झाली नाही. मिशनचे पत्र वाचणाऱ्या आपणांस ही गोष्ट विशेष लागली पाहिजे. सर्व माणसे एका पित्याची लेकरे आहेत असे सांगण्यास जे घर समुद्र ओलांडून गेले, त्याच घरच्या नातवाला पाळणा मिळेना.

पर्लबाईंनी अनेक संस्थांस विचारून पाहिले. सर्वांचे उत्तर एकच, की अशा मिश्र वंशाच्या मुलास घेणारे आईबाप मिळत नाहीत. तेव्हा त्यांनी मूल आपल्याच घरी आणविले. थोड्याच दिवसांत चिनी रक्ताचे दुसरे एक बाळही आले. बाईंचे वय तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते व पतीचे त्याहून अधिक. इतक्या लहान मुलांस वाढविण्यास तरुण आईबाप हवेत, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९४९ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांस जमवून त्यांनी वेलकम हाउस, म्हणजे स्वागतगृह, स्थापिले, आणि त्याच भागातील एका जोडप्यास तेथे आईबाप म्हणून ठेवले.

येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडली. ह्या मुलांस कोणी दत्तक घेणार नाही असे धरूनच ते घर कायमच्या वस्तीसाठी काढले होते. पण बातमी पसरली तशी कुटुंबे स्वतः विचारीत आली. घेणारे आहेत की नाहीत हे खरोखरी कोणी विचारूनच पाहिले नव्हते. मग स्वागतगृह हीच एक दत्तक-संस्था बनली, आणि वर्ण व वंश न पाहता मुलांस घर देणारी ती त्या देशातील पहिली संस्था ठरली. पुढे साठाहून अधिक वर्षे तिने हे काम केले, व पाच हजारांहून अधिक मुलांस आईबाप मिळवून दिले. सन २०१४ मध्ये तिचे दत्तकाचे काम बंद झाले.

कोरियातील १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर हा प्रश्न समुद्रापलीकडे पसरला. परदेशी शिपाई व कोरियन किंवा जपानी स्त्रिया ह्यांची मुले मागे राहिली. त्या देशांत घराण्याची नोंद बापाच्या नावाने होत असे; ज्याला बाप नाही त्याला वहीत नाव नाही व समाजात उभे राहण्यास जागा नाही. अमेरिकेच्या कायद्याने १९५३ साली परदेशच्या ४,००० अनाथ मुलांपुरतीच वाट उघडली, व कायमची तरतूद १९६१ साली झाली. सन १९५५ मध्ये ऑरेगन प्रांतातील हॅरी होल्ट ह्या भाविक शेतकऱ्याने व त्याची पत्नी बर्था हिने कोरियातील आठ मुले एकदम आपल्या घरात घेतली. पर्लबाईंनीही ह्याच दशकात जर्मनी व जपान येथील दोन मुली आपल्या केल्या. दोघींचे बाप काळ्या वर्णाचे अमेरिकन शिपाई होते.

दूर देशाहून आलेले मोठे मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याला आपली भाषा, आपले अन्न, आपल्या माणसांचे चेहरे आठवतात. नवे आईबाप आनंदात असतात, तेव्हाच ते मूल शोकात असू शकते. पर्लबाईंचे म्हणणे असे की मुलाच्या पहिल्या देशाची लाज धरू नये व ती मुलास धरू देऊ नये. दोन्ही वारसे त्याचेच आहेत. तसेच मुलावर आपण उपकार केले अशी भाषा घरात कधी येऊ नये. उपकाराच्या ओझ्याखाली वाढलेले मूल पाहुण्यासारखे राहते, लेकरासारखे नाही.

पुढे त्यांस हेही दिसून आले की सर्व मुलांस परदेशी नेता येणार नाही, व नेऊही नये. म्हणून १९६४ साली त्यांनी दुसरी संस्था काढली, व आशियातील अशा मुलांस त्यांच्याच देशात, शक्य तर आईजवळच, शिक्षण व आधार मिळावा अशी व्यवस्था केली. हा विवेक किती जरुरीचा होता हे पुढे उघड झाले. कोरियाहून परदेशी गेलेल्या मुलांची संख्या लाखाच्या वर गेली. आणि २०२५ साली दक्षिण कोरियाच्याच सरकारी सत्यशोधन आयोगाने असा निर्णय दिला की कित्येकांची कागदपत्रे खोटी केली गेली, व आईबाप जिवंत असता मुलांस अनाथ म्हणून लिहिले गेले. सन १९९३ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय कराराने प्रथम मुलाच्या स्वतःच्या कुटुंबात व देशात सोय पाहावी, आणि दत्तकात कोणी पैसा कमावू नये, असे ठरविले आहे. भारतानेही तो करार २००३ साली मान्य केला.

सन १९५० मध्ये पर्लबाईंनी आपले मौन सोडून कॅरलची हकीकत स्वतः छापून प्रसिद्ध केली, व तशा मुलांच्या अनेक आईबापांस त्यामुळे धीर आला. ६ मार्च १९७३ रोजी व्हरमाँट प्रांतात त्यांनी इहलोकची यात्रा संपविली. त्यांच्याच शेतावर त्यांची कबर आहे, व तिच्यावर त्यांचे नाव चिनी अक्षरांत कोरलेले आहे.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत मूल नसलेली घरे आहेत. तेथील स्त्रीला सणासमारंभात मागे बसवितात, व टोचून बोलण्यास कोणी कचरत नाही. आणि त्याच तालुक्यात आईबाप नसलेली मुले आहेत. ह्या दोहोंमध्ये जी भिंत उभी आहे ती बहुधा कायद्याची नसते. ती आपल्या जिभेची असते. दत्तक आलेल्या लेकराला त्याचे खरे आईबाप कोण असे जो विचारतो, तो त्या भिंतीवर आणखी एक वीट ठेवतो. पाळकांनी व उपदेशकांनी आपल्या मंडळीत प्रथम ही जीभ आवरावी. कायद्याची रीतसर वाट चालण्यास जोडप्याला धीर देणे हे त्यानंतरचे काम आहे, आणि तेही आपलेच आहे.