जुन्या गाडीची टायमिंग चेन बदलायला निघालात? आधी हान्स रेनोल्ड कोण होता ते बघा

जुनी अँबॅसेडर सकाळी स्टार्ट केली की बॉनेटखालून, रेडिएटरच्या बाजूने, साखळी पत्र्यावर घासल्यासारखा खडखड आवाज येतो. पिकअप गेलेला असतो, गाडी चढाला रडते. गॅरेजवाला दोन मिनिटं कान लावतो आणि टायमिंग चेन ताणली गेलीय, असं सांगून मोकळा होतो.

खरं तर ती चेन ताणली जात नाही. ती झिजते. दिसायला हा शब्दांचा खेळ वाटतो, पण या झिजण्यावर तोडगा काढणाऱ्या माणसाने आख्खं चेनचं जग बदललं. त्याचं नाव हान्स रेनोल्ड.

रेनोल्डचा जन्म १८५२ चा, स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावातला. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग शिकला आणि १८७३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इंग्लंडमधलं मँचेस्टर गाठलं. तेव्हाचं मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांची राजधानी. यंत्र समजणाऱ्या पोराला तिथे कामाची वानवा नव्हती. सुरुवातीला त्याने यंत्रं परदेशात पाठवणाऱ्या कंपनीत नोकरी केली. पण १८७९ मध्ये त्याने मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डमधला एक छोटा धंदा विकत घेतला. जेम्स स्लेटर नावाचा माणूस तिथे गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवायचा.

आता स्लेटरची चेन काही वाईट नव्हती. रोलरची कल्पना तिच्यात होतीच. घोळ होता तो जोडात.

चेन स्प्रॉकेटवरून वळते तेव्हा प्रत्येक जोड थोडा वाकतो. त्या वेळी कडीची पट्टी पिनेभोवती फिरते. स्लेटरच्या चेनमध्ये सगळा भार त्या पट्टीच्या पातळ कडेवर यायचा. म्हणजे सुरीच्या धारेवर वजन ठेवल्यासारखं. पट्टी पिनेला कापत जायची, भोक मोठं व्हायचं आणि चेन लांबायची.

रेनोल्डने यावर जे केलं ते सांगायला एक वाक्य पुरतं. त्याने आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक पोकळ नळी, म्हणजे बुश, घट्ट बसवली. आता पिन त्या बुशच्या आत फिरायला लागली, आणि भार कडेवर न येता बुशच्या पूर्ण रुंदीवर पसरला. रोलर बुशच्या बाहेरून फिरत राहिला. झीज एकदम कमी झाली. १८८० साली त्याने याचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. आज तुमच्या सायकलला, बुलेटला आणि कित्येक गाड्यांच्या इंजिनाला जी चेन असते, तिचा मूळ ढाचा हाच आहे.

नशीबही जोरावर होतं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्लीने मागचं चाक चेनने फिरवणारी रोव्हर सायकल आणली आणि चेनला गिरणीबाहेरचं गिऱ्हाईक मिळालं. त्याच वर्षी रेनोल्डने दुसरी चेन काढली, जिच्या पट्ट्यांनाच दात होते. ती आवाज कमी करायची. तिचं सुधारलेलं रूप पुढे सायलेंट चेन म्हणून मोटारींच्या इंजिनांत गेलं.

इंजिनात चेनचं काम एकच, पण जोखमीचं. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा, म्हणून वरच्या स्प्रॉकेटला खालच्याच्या दुप्पट दात असतात. वॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा हे या हिशोबावर चालतं. आता समजा चेनला ५० जोड आहेत आणि प्रत्येकात फक्त ०.०५ मिलिमीटर झीज झाली. एकूण लांबी अडीच मिलिमीटरने वाढली. कॅम मागे पडतो, वॉल्व्ह उशिरा उघडतात आणि गाडीचा दम जातो. आणखी झिजली तर चेन दात सोडून उडी मारते. काही इंजिनांत मग पिस्टन थेट वॉल्व्हवर आपटतो आणि खर्चाचा आकडा बघून मालक खाली बसतो.

रेनोल्डने झीज कमी केली, संपवली नाही. ती कुणालाच संपवता आलेली नाही.

कारखान्यातही त्याचं डोकं असंच चालायचं. इंग्लंडच्या इंजिनिअरिंग कारखान्यांत आठवड्याला पन्नासहून जास्त तास राबवून घेणं सर्रास होतं, तेव्हा १८९६ मध्ये त्याने आपल्याकडे ४८ तासांचा आठवडा केला. कामगारांसाठी कँटीन काढलं. १९२१ मध्ये नफ्यातला वाटाही द्यायला सुरुवात केली. पण त्याला निव्वळ दयाळू शेठ समजायचं कारण नाही. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरची, कामाचा मिनिटामिनिटाचा हिशोब मांडणारी पद्धत ब्रिटनमध्ये आणणाऱ्या पहिल्या काही मालकांत तो होता. कॉर्नेलमध्ये शिकून आलेला मुलगा चार्ल्स यात त्याच्यासोबत होता. सुट्टी द्यायची आणि घड्याळही लावायचं, असा तो कारभार.

१९३० मध्ये त्याची कंपनी कॉव्हेंट्री चेन कंपनीत मिसळली. १९४३ मध्ये, नव्वदी पार करून, रेनोल्ड गेला.

पुढे अँबॅसेडरमध्ये जे बीएमसीचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, त्याच्या पुढच्या झाकणाआड हीच बुश-रोलर चेन होती, तीही दुहेरी. ती बदलताना बरेच जण फक्त चेन आणतात आणि तिथेच फसतात. लांबलेली चेन दातांवर वर चढून बसते आणि त्यांचा आकार बिघडवते. त्या जुन्या दातांवर नवी चेन टाकली तर तीही लवकर जाते. म्हणून दोन्ही स्प्रॉकेट, चेन, टेन्शनर आणि झाकणाचं ऑइल सील एकाच वेळी बदलायचं. दोन्ही स्प्रॉकेटवरच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवायची. मग सेल्फ मारायच्या आधी प्लग काढून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. कुठे अडलं तर जोर करायचा नाही. दोन फेऱ्यांनी खुणा परत समोरासमोर आल्या तरच झाकण लावायचं.