आनंदीबाईंची शिदोरी

यंदा श्रावणात आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. परदेशातील विद्यापीठात एक सत्र शिकायला जायचे असेल तर काय तयारी करावी लागते, याची माहिती देण्यासाठी सभा ठेवली होती. मैत्रिणीच्या सोबतीने मीही गेले. सरांनी फळ्यावर यादी लिहिली : पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, विमा, बँकेतील शिल्लक, उबदार कपडे, राहण्याची सोय. यादी संपली तेव्हा फळा भरला होता. मी ती वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली.

मी परदेशी जाणार आहे असे मुळीच नाही. माझे वडील गवंडीकाम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. गाव सोडून इथल्या वसतिगृहात राहायला आले, तेच माझे परदेशगमन! पण ती यादी लिहिताना मला एकदम शाळेच्या पुस्तकातल्या आनंदीबाई जोशी आठवल्या. त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्यासाठी अशी यादी कोणी केली असेल? हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग ग्रंथालयात जाऊन त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. जे समजले ते माझ्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि वयाने पुष्कळच मोठे होते. बायकोला शिकवायचे ही त्यांची जिद्द. त्या काळात लोक बायकोने पुस्तक हातात धरले म्हणून रागावत, गोपाळराव तिने ते खाली ठेवले म्हणून रागावत. हा राग नुसता शब्दांचा नव्हता. लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण आनंदीबाईंनी पुढे पत्रातून नवऱ्याला करून दिली होती. त्याच पत्रव्यवहारात त्यांचे उपकारही मानलेले आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयी खऱ्या होत्या, हे समजायला मला बराच वेळ लागला.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, पुरुष डॉक्टरपुढे जायचे नाही, अशी ती परिस्थिती. आपण डॉक्टर व्हायचे हे त्यांनी या दुःखातूनच ठरवले.

तयारीला सुरुवात मात्र आधीच झाली होती, आणि तीही पत्रातून. गोपाळरावांनी १८७८ मध्ये एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचले. ना ओळख ना देख, पण या बाईंनी आनंदीबाईंना पत्र पाठवले. मग पत्रे सुरूच राहिली. रीतीभाती, धर्म, बायकांचे जगणे असे सगळे विषय त्यांत आले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. परक्या देशात पाय ठेवण्याआधी तिथे एक मावशी मिळवून ठेवणे, याहून मोठी तयारी कोणती असेल?

या काळात गोपाळरावांच्या बदल्या होत होत जोडपे बंगालमध्ये पोहोचले होते. आनंदीबाईंची प्रकृती तिथेच ढासळू लागली. डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप, कधी धाप लागणे. मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. वाचताना मी या ठिकाणी थांबले. सरांच्या यादीतली वैद्यकीय तपासणी मला आठवली.

लोकांची तपासणी मात्र सुरू होती, ती वेगळ्या गोष्टींची. ही बाई एकटी कशी जाणार? धर्म बुडवणार का? मांस खाणार का? परत आल्यावर जातीत घ्यायचे की नाही? रस्त्याने जाताना लोक टक लावून पाहत, टवाळी करीत. अखेर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपुरात, आनंदीबाई लोकांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. लोक विचारीत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. या देशात बाई डॉक्टरांची किती गरज आहे हे सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे वचन दिले. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हायचे होते. मला वर्गात उभे राहून उत्तर द्यायचे म्हटले तरी घाम फुटतो! त्या भाषणाची वार्ता सगळीकडे गेली आणि ठिकठिकाणांहून पैशाची मदत येऊ लागली.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. गोपाळराव मागे राहिले. बोटीवर सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण आपले माणूस कोणी नव्हते. ४ जून रोजी बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला मावशींच्या घरी काढला. नवे घर, नवी भाषा, नवी माणसे यांची सवय त्यांना तिथेच झाली. पुढे सप्टेंबर संपता संपता त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले होते. प्रवेशासाठी लागणारे सगळे निकष आपण पुरे करत नाही, हे अर्जातच कबूल करून त्यांनी जागा मागितली होती. तेथील प्रमुख रेचल बॉडली यांनी ती दिली.

खरी परीक्षा थंडीत सुरू झाली. नऊवारी लुगडे आपल्या हवेसाठी आहे, बर्फासाठी नाही. त्यात पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, आणि तीही नवऱ्याला कळवून. राहायच्या खोलीतली शेगडी नीट नव्हती, पेटवली की धूर कोंडायचा. धूर सोसा नाहीतर गारठा सोसा! शाकाहार सोडायचा नाही हा निर्धार होता, आणि त्या मुलखात पोटभर शाकाहार मिळणे कठीण होते. अभ्यासात मात्र त्यांनी कसूर केली नाही. ऑक्टोबर १८८५ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केइको ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई अशा तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. तीन देशांतून, तीन वाटांनी आलेल्या मुली एका चौकटीत. ते चित्र मी कितीदा तरी पाहिले.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभाला गोपाळराव हजर होते, पंडिता रमाबाईही आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. पण तोवर क्षयाने त्यांना पुरते पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. कोल्हापूरच्या एकाही बाईची नाडी त्यांना पाहता आली नाही. त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

एखादी जाड शाल दिली असती तर त्या वाचल्या असत्या, असा बाळबोध निष्कर्ष मी काढणार नाही. क्षयाचे जंतू नुकतेच १८८२ मध्ये सापडले होते. त्यावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये हाती आले. पण एक गोष्ट मनातून जात नाही. मुलगी तशीच परत येईल ना, याची हमी शेकडो लोकांनी मागितली. ती धडधाकट परत येईल ना, याची काळजी किती जणांनी केली?

हे मला इतके का लागले, तेही सांगते. पहिल्या वर्षी वसतिगृहात मला आठ दिवस ताप होता. मी घरी कळवले नाही. माझ्या फीसाठी वडिलांनी ठेकेदाराकडून उचल घेतली होती. इतके करून पाठवल्यावर आता दुखणे कसे सांगायचे? आपण पहिल्याच, आपण हरलो तर मागच्यांची वाट बंद होईल, असे वाटत होते. शेवटी खोलीतल्या मैत्रिणीने रेक्टरबाईंना सांगितले म्हणून निभावले. मला नुसते घरचे डोळे दिसत होते. आनंदीबाईंवर तर सगळ्या देशाचे डोळे लागले होते. त्यांनी किती दुखणी गिळली असतील!

सरांची यादी चांगलीच आहे. आमच्या कॉलेजातून कोणी खरोखरच परदेशी सत्राला गेले तर ती उपयोगी पडेल. मी माझ्या वहीत तिच्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या आहेत. तिकडे एक मावशी आधीच मिळवून ठेवावी, ही पहिली. दुखले खुपले तर ते कोणाला सांगायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे आणि सांगताना लाजू नये, ही दुसरी. जाणाऱ्याने ही तयारी करायची आहेच, पण पाठवणाऱ्यांनीही करायची आहे.

माझ्या आईला यादी वाचता येत नाही. पण ती दर रविवारी फोन करते, तेव्हा मार्क विचारत नाही. आधी विचारते, जेवलीस का आणि बरी आहेस का. मी आता खरे उत्तर देते.

(द्वितीय वर्ष, कला)