दुखऱ्या कमरेचा वस्ताद

कंबर धरली, की डॉक्टर गोळ्या देतात आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवतात. तिथे चटईवर उताणं झोपवून, पोट हलकेच आत ओढायला सांगून एकेक पाय उचलायला लावतात. बँकेतली सगळी नोकरी खुर्चीत काढलेल्या माझ्यासारख्यांना ही चटई अपरिचित नाही. ‘कोअर’चे व्यायाम म्हणून ते आज ठाऊक आहेत. त्यांची वंशावळ शोधत मागे गेलं, की एक जर्मन वस्ताद भेटतो. जोसेफ पिलाटेस.

त्याचा जन्म १८८३ चा, जर्मनीतल्या मोन्शनग्लाडबाख गावचा. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी आपल्याला पिडलं होतं, असं तो पुढे सांगत असे. वडलांना जिम्नॅस्टिक्सचा नाद. या पोरानेही हट्टाने शरीर कमावलं.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा तो इंग्लंडात होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला पकडून आधी लँकेस्टरला आणि मग आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत ठेवलं. तिथे वीस हजारांहून अधिक माणसं तारांच्या कुंपणाआड दिवस मोजत होती. आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून जोसेफने त्यांच्याकडून पडल्या पडल्या व्यायाम करून घेतला, अशी कथा सांगतात. तिच्यात मीठमसाला असेलही. पण त्याची पुढची यंत्रं पाहिली, की तिचं मर्म पटतं.

१९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. एट्थ ॲव्हेन्यूवर त्याने आणि क्लाराने व्यायामशाळा चालवली. ‘रिफॉर्मर’ हे तिथलं मुख्य यंत्र. चौकटीत सरकणारा पाट आणि त्याला लावलेल्या स्प्रिंगा. झोपून व्यायाम केला, की जखमी गुडघ्यावर अंगाचा भार येत नाही आणि जोर मात्र लावावा लागतो. जवळच्या नृत्यसंस्थांतले दुखावलेले नर्तक तिथे येऊ लागले. जॉर्ज बालांशीन आणि मार्था ग्रॅहॅम यांच्यासारखे दिग्गजही त्याच्याकडे आपली माणसं पाठवत.

दुखणं पायाचं असलं, तरी जोसेफ सुरुवात करायचा धडापासून. कणा म्हणजे मांडवाचा खांब. दोर ढिले असतील तर तो डुगडुगणारच. पोटाचा सर्वांत आतला, कमरपट्ट्यासारखा आडवा स्नायू, मणक्यांना लगटलेले छोटे स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, हे ते दोर. आपल्या पद्धतीला त्याने ‘कॉन्ट्रॉलॉजी’ म्हटलं आणि १९४५ मधल्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम दिले.

पण त्याला हवी होती डॉक्टरांची मान्यता. पाठदुखीला अंथरुणावर विश्रांती सांगण्याचा तो काळ. आपली पद्धत शाळांत, रुग्णालयांत जावी म्हणून तो झटला. स्वभाव हट्टी, दावेही अवाच्या सवा. वैद्यकाने त्याला दारातच ठेवलं. १९६७ मध्ये, ८३ व्या वर्षी, ती खंत घेऊनच तो गेला.

दार उघडलं ते फार उशिरा. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवलं, की निरोगी माणसाने हात झटकन उचलला, तर पोटाचा तो आतला स्नायू हाताच्याही आधी आवळतो. कंबरदुखीच्या रुग्णात त्याला उशीर होतो. त्यानंतर ‘कोअर’ हा शब्द फिजिओथेरपीत रुळला. २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निर्णय दिला आणि ते सर्वांचं झालं.

इथे लेखणी थांबवली, तर गोष्ट गोड होईल, पण अर्धीच राहील. २०१५ आणि २०१६ मध्ये जुन्या चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं ते असं: जुनाट कंबरदुखीत हे व्यायाम उपयोगी पडतात, पण इतर व्यायामांपेक्षा ते ठळकपणे सरस ठरत नाहीत. आपलाच मार्ग खरा, हा जोसेफचा दावा काही टिकला नाही.

मला वाटतं, टिकलं ते त्याहून मोठं आहे. दुखावलेल्या माणसाला नुसतं पडू द्यायचं नाही. पडल्या जागेवरून, झेपेल तेवढं, जाणत्याच्या नजरेखाली हलवायचं. आज शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी आजोबांना धरून उभं केलं जातं, तेव्हा घरच्यांना धस्स होतं. नर्सबाई मात्र निर्धास्त असतात.